नोटरीचा कागद, चार महिन्यांची थकबाकी आणि दुसऱ्या फ्लॅटचा मोह

साताऱ्याहून एक शिक्षिका लिहितात:

"पुण्यात वारज्याला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. कर्ज फिटले आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये एजंटाने पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार लिहून, नोटरी करून दिला. भाडे 22 हजार आणि अनामत 60 हजार ठरली होती. अनामत रोख मिळाली. एप्रिलमध्ये मुदत संपली, तेव्हा भाडेकरू 'वर्षभर राहतो' म्हणाले आणि आम्ही तोंडीच होकार दिला. जुलैपर्यंत भाडे आले, ऑगस्टपासून चार महिने एक रुपया नाही. नोकरी गेली, असे ते सांगतात. शेजारी घाबरवतात की बारा वर्षे राहिला तर घर त्याचेच होते. माझे दीर म्हणतात, वीज तोडा आणि कुलूप बदला. दरम्यान यजमान निवृत्त झाले असून 40 लाख रुपये हाती आले आहेत. तोच एजंट 70 लाखांचा दुसरा फ्लॅट सुचवतो आहे. 25 लाख आम्ही भरायचे, 45 लाखांचे कर्ज माझ्या नावावर. माझी अकरा वर्षे नोकरी बाकी आहे. 'भाड्यातून हप्ता निघेल आणि करही वाचेल,' असे त्याचे म्हणणे. शिवाय सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल दरमहा हजार रुपये जादा घेते. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात भाडेकरू, एजंट आणि सोसायटी या तिघांची तक्रार आहे. परंतु खरी जोखीम ज्या कागदातून आली, त्याचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे. चार महिने भाडे न देणारा भाडेकरू कोणालाही भेटू शकतो. त्याला घराबाहेर काढण्याचा जवळचा रस्ता कायद्याने ठेवलेला असताना तो नोटरीच्या शिक्क्यामुळे आपल्यासाठी अवघड व्हावा, हे मात्र टाळता आले असते.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज 1908 च्या नोंदणी कायद्यातून आला. त्या कायद्याने एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला आणि ती प्रथा देशभर रुजली. महाराष्ट्रात मात्र 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे आणि त्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी राहण्याची केवळ परवानगी देणारा) प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. तो अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा, त्याने फरक पडत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याहून जाचक परिणाम पुढे आहे. करार नोंदलेला नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उद्या भाडेकरूने 'मी लायसन्सवर नाही, कायमचा भाडेकरू आहे आणि भाडे दहा हजार ठरले होते' असे न्यायालयात सांगितले, तर ते खोटे ठरवण्याचे ओझे आपल्यावर येईल. नोटरी केवळ सही कोणी केली एवढे पाहतो. त्याचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

आता हा जुना कागद नोंदवून घेता येईल का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. नोंदणीसाठी दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत सादर करावा लागतो. दंड भरून आणखी चार महिने मिळतात. जूनपासूनचा हिशेब धरला, तर ती मुदत केव्हाच उलटली आहे.

करार नोंदलेला असता तर काय झाले असते, तेही पाहू. मुदत संपताच आपण याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकला असता. तेथे लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते आणि ती मागितली नाही, तर अर्जातील विधाने त्याने मान्य केली असे धरून ताब्याचा आदेश होतो. शिवाय मुदतीनंतर जितके दिवस तो राहिला, तितक्या दिवसांची दुप्पट शुल्काने भरपाई. आपल्या बाबतीत दरमहा 44 हजार. हे सारे मिळण्यासाठी खर्च किती आला असता? मुद्रांक शुल्क हे मुदतीतील एकूण भाडे आणि परत करायच्या अनामतीवरील दसादशे दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. अकरा महिन्यांचे भाडे 2 लाख 42 हजार, अनामतीचे व्याज साडेपाच हजार. त्यावर पाव टक्का म्हणजे सुमारे 620 रुपये. महापालिका हद्दीतील नोंदणी फी एक हजार. एजंटाची फी वेगळी धरली तरी हे काम दोन-अडीच हजारांत, आधार आणि बोटांच्या ठशांवर, घरबसल्या होते. दुय्यम निबंधक कार्यालयात जावेही लागत नाही. आपल्या एजंटाने पाचशेचा कागद का निवडला असेल, हे मी सांगण्याची आवश्यकता नसावी.

शेजाऱ्यांची भीती मात्र निराधार आहे. बारा वर्षांच्या प्रतिकूल ताब्याचा नियम, जो मालकाच्या इच्छेविरुद्ध उघडपणे मालकी सांगत बसतो त्याच्यासाठी आहे. आपल्या परवानगीने आत आलेला आणि आपल्याला भाडे दिलेला माणूस कितीही वर्षे राहिला तरी निव्वळ त्या बळावर मालक होत नाही. जुलैपर्यंतच्या बँक नोंदी, ज्यांत त्याने आपल्या खात्यावर भाडे जमा केले आहे, त्या या बाबतीत आपल्याच उपयोगाच्या आहेत.

दिरांचा सल्ला मानू नये. वीज-पाण्यासारख्या आवश्यक सेवा तोडण्यास याच कायद्याच्या कलम 29 ने मनाई केली आहे. कुलूप बदलले, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात आपण मालक असल्याचा फारसा उपयोग होत नाही. आज थकबाकीदार तो आहे. त्या एका रात्रीनंतर पोलीस ठाण्यात उत्तर देण्याची वेळ आपल्यावर येईल.

मग करायचे काय? आधी बोलणे, पण कागद पुढे ठेवून. नोकरी गेल्याचे खरे असेल, तर हा माणूसही स्वस्त घराच्या शोधात असणार आणि सन्मानाने बाहेर पडण्याची संधी त्याला हवी असणार. चार महिन्यांची थकबाकी 88 हजार आहे, अनामत 60 हजार. म्हणजे आज हिशेब केला तर आपले 28 हजार बुडतात. ते सोडून देण्याची तयारी ठेवा, आणि गरज पडली तर टेम्पोचे भाडेही आपण द्या. हे ऐकून राग येईल, याची मला कल्पना आहे. परंतु पुण्याच्या लघुवाद न्यायालयात दावा लावल्यास जाणारी वर्षे, वकिलाची फी आणि त्या काळात न मिळणारे दरमहा 22 हजार यांच्यापुढे 28 हजार ही स्वस्तातली सुटका आहे. ठरले, की वकिलाकडून समझोत्याचा लेख करून घ्या. त्यात थकबाकीची कबुली, घर सोडण्याची तारीख आणि तोवर द्यायची रक्कम 'वापराची भरपाई' म्हणून, भाडे म्हणून नव्हे, अशी नोंद असावी. एप्रिलनंतर कागदाविना तीन महिने घेतलेले भाडे आधीच आपल्या विरुद्ध दाखवले जाऊ शकते, त्यात भर नको. चावी घेताना ताबा-पावतीवर भाडेकरू पती-पत्नी दोघांच्याही सह्या घ्या, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, महावितरणचे आणि गॅसचे शेवटचे बिल त्याच दिवशी भागवा. अनामत रोख घेतली आहे, म्हणून ती थकबाकीत वळती केल्याचेही त्याच पावतीत लिहून घ्यावे. नाहीतर सहा महिन्यांनी 'माझी अनामत द्या' असा फोन येतो.

बोलणी फिसकटली, तर दावा. भाडेकरू असल्याचा दावा तो करणार हे गृहीत धरून आपल्या वकिलांनी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 15 चा विचार करायला हवा. त्यानुसार थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावण्याआधी लेखी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने पंधरा टक्के व्याजासह थकबाकी भरली, तर त्या कारणावरून ताबा मिळत नाही. म्हणून नोटीस आजच द्या. बोलणी चालू असतानाही द्या, कारण तोपर्यंत निदान दिवस मोजले जातील.

एक दिलासा करासंबंधी. न मिळालेले भाडे उत्पन्नात धरावे लागू नये, अशी सोय आयकरात आहे. मात्र त्यासाठी भाडेकरूने घर सोडलेले असावे किंवा ते सोडवण्याची पावले उचललेली असावीत, आणि वसुलीसाठी कायदेशीर कारवाई तरी केलेली असावी किंवा ती निरर्थक ठरेल हे पटवता यावे. नोटिशीची प्रत आणि ताबा-पावती आपल्या सीएकडे द्या.

आता दुसरा फ्लॅट. एजंटाचे वाक्य वाचून मी आकडे मांडून पाहिले. आपली अकरा वर्षे नोकरी आहे, म्हणून कर्ज दहा वर्षांचे धरतो. 45 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता दरमहा सुमारे 55 हजार 800 रुपये येतो. भाडे 22 हजार. उरलेले जवळजवळ 34 हजार आपल्या पगारातून, दर महिन्याला, दहा वर्षे. भाड्यातून हप्ता निघतो म्हणणाऱ्याने हप्ता कधी काढून पाहिलेला नाही, किंवा पाहिला आहे आणि सांगितलेला नाही.

भाड्याचाही पूर्ण आकडा हाती येत नाही. भाडेकरू बदलताना वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे धरावे, म्हणजे 2 लाख 42 हजार. त्यातून सोसायटीची देखभाल 30 हजार, मिळकत कर 14 हजार, रंग, नळ, गीझर अशा दुरुस्त्यांसाठी 15 हजार, आणि दोन वर्षांतून एकदा द्यायची एजंटाची एका महिन्याची दलाली निम्मी करून 11 हजार, असे माझ्या अंदाजाने 70 हजार वजा करा. उरले 1 लाख 72 हजार. घराची किंमत 70 लाख. केवळ आपल्या नावावर घेतले तर महिलांसाठीची एक टक्का सवलत धरून पुण्यात मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. एकूण साडेचौऱ्याहत्तर लाखांवर वर्षाला 1 लाख 72 हजार म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या थोडे वर. साडेआठ टक्क्यांनी उसने घेऊन सव्वादोन टक्क्यांनी लावायचे, असा हा व्यवहार आहे. फ्लॅट बांधकामाधीन असेल तर पाच टक्के जीएसटी वरून. शिवाय ताबा लांबला, तर तेवढे महिने भाडे नाही आणि हप्ता मात्र चालू.

करबचतीचे तेच. पहिल्या वर्षीचे व्याज पावणेचार लाखांच्या जवळपास जाईल. भाड्यातून मिळकत कर आणि सरसकट तीस टक्के वजावट गेल्यावर सुमारे 1 लाख 60 हजार उरतात, म्हणजे घरापोटी दोन लाखांहून थोडा अधिक तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत त्यातील दोन लाखांपर्यंत आपल्या पगारातून वजा होतात. नव्या प्रणालीत एक रुपयाही नाही. आपण कोणती प्रणाली निवडली आहे, हे एजंटाने विचारले होते का?

याउलट यजमान साठीचे आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के राहिला आहे. त्या दराने 30 लाखांवर तिमाहीला 61 हजार 500 रुपये, म्हणजे वर्षाला 2 लाख 46 हजार. पाऊण कोटीच्या फ्लॅटच्या निव्वळ भाड्यापेक्षा जास्त, तेही निम्म्याहून कमी रकमेवर आणि प्लंबरचा फोन न येता. हे व्याज करपात्र आहे आणि ते वाढत नाही; फ्लॅटचे भाडे आणि किंमत वाढू शकते, हे मी नाकारत नाही. परंतु किंमत वाढेल या आशेने घेणाऱ्याला मधली दहा वर्षे हप्ता पेलण्याची ताकद हवी. 2020 मध्ये आयटीतील मंडळी लॅपटॉप घेऊन गावी परतली, तेव्हा पुण्यात महिनोन्महिने फ्लॅट रिकामे राहिले होते. आपले दोन्ही फ्लॅट त्याच शहरात, त्याच प्रकारच्या भाडेकरूंवर अवलंबून असतील, आणि पहिला आत्ता या घडीला शून्य रुपये देतो आहे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: हा दुसरा फ्लॅट कर्ज काढून घेऊ नये. घ्यायचाच झाला, तर निदान एक वर्षाचे हप्ते बाजूला ठेवता येतील इतके कर्ज कमी करून, भोगवटा पत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या इमारतीत, आणि वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घेऊन मगच. तोवर पहिल्या फ्लॅटचे कागद नीट करावेत.

त्याच कागदांबद्दल थोडे. पुढचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत, आणि फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्यांचा असावा. दरवर्षी अकरा महिन्यांचा खेळ करण्याचे कारण उरलेले नाही. तीन वर्षांचा करार करून दरवर्षीची वाढ त्यातच लिहिता येते, फक्त भाडे थकल्यास आणि महिन्याभराची नोटीस दिल्यास लायसन्स रद्द करण्याचा आपला हक्क त्यात सुस्पष्ट शब्दांत हवा. अनामत तीन महिन्यांहून कमी नको आणि ती बँकेतूनच यावी, कारण वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेची ठेव रोखीने घेण्यावर आयकर कायद्याने बंदी घातलेली आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन द्यावी आणि तिची पोच करारासोबत ठेवावी. येणाऱ्या भाडेकरूच्या आधीच्या घरमालकाला एक फोन करावा. एजंटाने 'चांगली माणसे आहेत' म्हटले, तर तो फोन आवर्जून करावा. घराच्या आगीचा विमा स्वस्त असतो, तो घेऊन ठेवावा.

मिळकत कराचे बिल काढून पाहावे. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत देते. आपण साताऱ्यात राहता आणि फ्लॅट भाड्याने दिला आहे. बिलात ती सवलत अजून चालू असेल, तर पडताळणीत फरकाची रक्कम मागच्या तारखेपासून मागितली जाऊ शकते. हे स्वतःहून कळवलेले बरे.

राहिला सोसायटीचा हजार रुपयांचा प्रश्न. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ती जादा रक्कम, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा राज्य शासनाचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आहे. सेवा शुल्क म्हणजे सुरक्षा, सफाई, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च. त्यात महापालिकेचे कर धरत नाहीत, आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) व दुरुस्ती निधीही वेगळे असतात. आपल्या बिलात सेवा शुल्क दोन हजार असेल, तर बिनभोगवटा शुल्क दोनशे होते. सचिवांना लेखी पत्र देऊन बिलाची फोड मागा आणि जादा घेतलेली रक्कम पुढील बिलांत वळती करण्याची विनंती करा. उत्तर आले नाही, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. मात्र भाडेकरू ठेवल्याचे आपण सोसायटीला लेखी कळवले होते का, हे आधी तपासा. कळवले नसेल, तर ते पत्र आधी जाऊ द्या आणि शुल्काचे नंतर.